बिडाचं वजन

गुरुवारी रात्रीच तेल सोडून ठेवलं होतं नटांवर.
सुटतील, सुटतील म्हणत
शुक्रवारी पहाटे चारला पत्र्याच्या शेडखाली शिरलो,
कारण सोहारमध्ये ऑगस्टात आठनंतर
पान्ह्याला हात लावायचा तर फडकं लागतं.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली.
कंपनीत एवढ्यासाठी तीन सह्यांचं परमिट लागतं;
इथे परमिट द्यायला एकटा मुंधिर,
शेजारच्या घरातला, वय एकोणीस,
कमरेला वजार गुंडाळून, थर्मासभर कहवा घेऊन.
यल्ला, इंजिनिअर, म्हणतो.
मी इंजिनिअर नाही. वेल्डिंग तपासतो.
त्याला ते किती वेळा सांगायचं.

वरचा पत्रा सुटला. दहा नट सुटले.
अकरावा करकरला, आणि मग ते झालं
जे कानाला आधी कळतं, हाताला नंतर:
पान्हा एकदम हलका.
सहाव्या सिलिंडरच्या मागे,
जिथे हात जातो पण डोळे जात नाहीत,
स्टड मोडला.
मुंधिरने देवाचं नाव घेतलं.
मी घेतलं ते देवाचं नव्हतं.

गुल जमान साडेसहाला आला, दुकान बंद असूनही.
मोडक्या खुंटावर नट ठेवला, आतून टाका मारला,
लाल होऊ दिलं, निवू दिलं,
आणि दाढ काढावी तसा
तुकडा हलवत हलवत बाहेर घेतला.
पैसे विचारले तर म्हणाला, चहा.

मग जुना मॅनिफोल्ड निघाला.
निघाला म्हणजे छातीशी कवटाळूनच काढावा लागला,
सव्वीस वर्षांची काजळी शर्टावर घेत.
फरशीवर ठेवला तेव्हा दिसली
कडेकडेने गेलेली बारीक शीर,
साच्याचे दोन अर्धे जिथे भेटले होते ती.

दादा शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर. एकतीस वर्षं.
"वाळू मुठीत दाबायची," सांगायचे, "मूठ उघडायची.
बोटांचं ठसं ऱ्हायलं तर वतायचं.
ढासळली तर पाणी कमी हाय."
इथे नवा होतो तेव्हा कॅम्पच्या मागे जाऊन,
कोणी बघत नाही असं बघून,
मीही दाबली होती मूठ.
गोल दाण्याची, वाऱ्याने घासून घासून गुळगुळीत;
उघडायच्या आधीच निघून गेली.
हिच्यात ओतकाम व्हायचं नाही, असं फोनवर सांगितलं.
ते म्हणाले, "मग तिथं लोक करत्यात काय?"
नळ्या, म्हणालो मी.

तर नळ्या.
सहाच्या दोन, दोनांची एक. स्टेनलेस.
एका हातात उचलता येणाऱ्या,
आणि इतक्या चकचकीत की मुंधिर त्यात मिशी बघत होता.
जुनी गास्केट ब्लेडने खरवडली, नवी चढवली,
नट मधून कडांकडे आवळत गेलो,
आधी चिमटीने, मग फेरीने, मग दम लावून.
खालचा फ्लँज अर्धा इंच चुकला.
जॅक लावून सायलेन्सरची समजूत काढली.

किल्ली फिरवली.
आवाज वाढला असं नाही म्हणता येणार.
घसा खाकरून झाल्यावर माणूस बोलतो
तसा.
पांढरा धूर आला, मुंधिर दोन पावलं मागे.
आपल्या हातांचाच आहे, म्हटलं, तेलाचा, घामाचा,
पुसायला विसरलो.
नळ्या पिवळ्या पडल्या, मग जांभळ्या,
आणि तिसरीवर, वाकते तिथे,
हळूहळू उमटली चार बोटं, एक अंगठा,
रेघा न् रेघा.
आता घासून जात नाहीत.

बीड टाकता येत नाही.
मुल्कियाच्या तपासणीला दर वर्षी परत चढवावं लागणार.
गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली सारलं, बॅगेशेजारी.
रात्री विश्वंभर ड्यूटीवरून आला. हे काय?
आमच्याकडचं आहे, म्हटलं.
जपानी अक्षरं वाचत होता बहुतेक.
काही बोलला नाही.
पायाने जरा आत ढकलायला गेला,
हललं नाही.