डिकी

दोन महिने आमच्या घरी
जेवायला बसलं की पानात आधी इंजिन वाढलं जायचं.
तुषार म्हणे, सीएनजी. किलोला सव्वीस देते, डोळे मिटून घे.
बाबा म्हणत, डिझेल.
डिझेल पोटाला धरून राहतं, पेट्रोल नुसतं उडून जातं.
चाळीस वर्षं लाँचच्या इंजानाशेजारी बसून
त्यांचा डावा कान गेला,
तरी नॉझल अडकला की त्यांना पायाच्या तळव्यातून कळतं.

मी वही काढली.
मंगळवार, शुक्रवार, आईचं डायलिसिस.
दाभोळ, फेरीबोट, धोपावे, शृंगारतळी, चिपळूण
आणि तसंच उलट.
कंपनीचा आकडा तेवीस.
तो कुठल्या सपाट रस्त्यावर काढतात कोण जाणे,
आमचे घाट त्याने पाहिलेले नसणार.

बाबा म्हणाले, लाँचला मायलेज नसतं गो.
लाँच तासावर पिते.
किती लांब गेलास ते दर्या सांगत नाय,
किती वेळ घराबाहेर होतास, तेवढं डिझेल सांगतं.

शोरूममध्ये इम्तियाज परकारने चहा मागवला.
म्हणाला, काका, डिझेलचा फिल्टर चोक होतो गावातल्या गावात फिरवली तर,
अधूनमधून तिला लांब, मोकळी पळवायला लागते.
बाबा खूश झाले: म्हणजे होडीच की!
तुषारने त्यांना हाताला धरून सीएनजीच्या गाडीकडे नेलं.
इम्तियाजने डिकी उघडली.

आत आधीच कोणीतरी आडवं पडलेलं,
पट्ट्यांनी करकचून बांधलेलं.
टाकी.

"नि माजी खुर्ची?" मागून आई.
"ती काय टपावर बांधणार?"
कोणी हसलं नाही. मग तीच हसली.

पेट्रोल घेतली. बाराशे सीसी.
घडी घातलेली खुर्ची डिकीत बसते,
शेजारी चादर, डबा, आणि येताना
आईने हट्टाने घ्यायला लावलेलं काहीतरी,
बहुतेक वेळा तिला खायला बंदी असलेलं.

परतीला फेरीवर चढलो की मी इंजिन बंद करते.
गाडी वाशिष्ठी ओलांडते
एक थेंब न पिता,
आणि मीटरला त्याची खबरही लागत नाही.
बाबा काच खाली करून दार चाचपतात.
"हिचा एक सिलिंडर मिस मारतोय," फेरीवाल्याला ओरडून सांगतात.
तो मान हलवतो, तिकिटं फाडत राहतो.

आज टाकी फुल केली, वहीत भागाकार केला.
सोळा पॉइंट चार.
पुन्हा केला.
सोळा पॉइंट चार.

"किती देते?" बाबा विचारतात.
त्यांच्या उजव्या कानाशी वाकून मी म्हणते, वीस.

मागच्या सीटवर, हाताला पट्टी,
आई झोपलीय असं मला वाटत होतं.
डोळे न उघडता म्हणाली,
"तेवीस सांग गो."