नव्व्याण्णवच्या आधीची की नंतरची

भाडं विचारायच्या आधी मी हे विचारते.
दलाल तुर्गाय कुलपात किल्ली फिरवता फिरवता हसतो,
“नेरिमानताई, घर बघताय की मुलीला स्थळ?
थेट जन्मसाल!”

हसू दे.
त्या ऑगस्टात मी गोल्जुकला मावशीकडे होते.
पाऊण मिनिट.
तेवढ्यात चहातली साखरही धड विरघळत नाही.
मावशी ज्या खोलीत निजली होती
ती खोली नंतर सापडलीच नाही,
भिंतीवरचा दिव्याचा खटका तेवढा सापडला.
चालू केलेला.

जुन्या घराचा मालक म्हणाला, जागा खाली करा,
मुलाचं लग्न ठरलंय.
मुलगा नववीत आहे.
जिन्यात दप्तर घेऊन भेटतो, मान खाली घालतो.
भाडं तिप्पट करायचं
तर कुणाला तरी बोहल्यावर चढवावंच लागतं.

म्हणून रविवारी आम्ही मायलेकी
इस्तंबूलच्या बसा बदलत हिंडतो.
माझ्या पर्समध्ये घडी घातलेला नकाशा,
कुठे खडक, कुठे भराव.
खडकावर आमचे दोन पगार
पहिल्या आठवड्यातच संपतात.
भरावावर सगळं परवडतं,
बाल्कनी, लिफ्ट,
वर आधीच्या भाडेकरूचं वॉशिंग मशीन फुकट.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथे अंथरुणाखालची जमीनही पाहावी लागते.

सेझिन भिंतींकडे बघतच नाही.
हॉस्पिटलातली दुसरी पाळी संपवून
ती रात्री एकला बसमधून उतरते.
थांब्यापासून दारापर्यंत पावलं मोजते,
मग दिवे मोजते,
मग बंद असलेले वजा करते.
“जमीन कधीतरी हलेल, आई.
रस्ता मला रोज चालायचाय.”

बालातमध्ये घरं लिंबाच्या रंगाची, गुलाबी,
खाली कॉफीची दुकानं,
पायऱ्यांवर परदेशी पोरं फोटो काढत बसलेली.
वरच्या खिडकीत चादर झटकणारी बाई
आमच्या हातातला कागद बघून थांबली.
“भाड्याने आलात,” तिने विचारलं,
“की आमच्या जागी?”
चादरीतली धूळ आमच्या केसांवर उतरली.
आम्ही पुढे निघालो.

आवजलारला तुर्गाय म्हणाला, इथून समुद्र दिसतो.
खरंच दिसला,
तळघरात, खांबाचं प्लास्टर गळालं होतं तिथे.
काँक्रीटमध्ये एक शिंपला, अख्खा.
किनाऱ्यावरची वाळू न धुताच कालवलेली.
नखाने उकरला तर सहज हातात आला,
म्हाताऱ्याचा दात यावा तसा.
तुर्गायने एवढ्यात फोनवर
पाचशे लिरा कमी करून घेतले होते.

शेवटी जी गल्ली मिळाली ती चढाची.
दिवसा काही वाटलं नाही,
म्हणून रात्री एकला पुन्हा गेलो.
चार दिवे, त्यातले दोन मेलेले.
पण कोपऱ्यावर पावाची भट्टी पेटलेली,
आणि पिठाने भुऱ्या झालेल्या भुवयांचा वेय्सेल
घमेलं खाली ठेवून खेकसला,
“कुणाकडे आलात?”
सेझिन चिडली. “प्रत्येकाला विचारता का?”
“प्रत्येकाला.”
आम्ही वळेपर्यंत तो बघत उभा होता.
सेझिनने भट्टी तिसरा दिवा म्हणून धरली.

इमारत शहाऐंशीची.
दारावर पालिकेचा कागद,
दोन वर्षांत पाडणार.
“म्हणून तर स्वस्त,” तुर्गाय म्हणाला.
मी सही केली.
पडणार आहे,
पण निदान नोटीस देऊन.

खोकी अजून बांधलेलीच आहेत.
दाराशी पिशवी मात्र पहिल्या दिवसापासून तयार,
पाणी, बॅटरी, बिस्किटं, भाडेकराराची झेरॉक्स
आणि ढिगाऱ्याखालून वाजवायची शिट्टी.

शिट्टी दुपारी सेझिन गळ्यात घालून नेते.
रात्री परत पिशवीत टाकते.
मधले अकरा तास घरात शिट्टी नसते.
दुसरी आणायची रोज विसरते मी.
भट्टीचा वास वर येतो,
खाली वेय्सेल कुणावर तरी खेकसतो,
मग जिन्यात पावलं.