उलटी चोळी

नमुना क्रमांक एक्केचाळीस.
बिरू झोरे, वय नऊ, ताप अकरा दिवस.
रक्ताची बाटली काल गढुळली,
आज काचेवर रंगवून पाहिलं:
गुलाबी, बुटक्या काड्या.
टायफॉइडच असणार. डॉक्टर नेसरगींना सांगून आले,
त्यांनी इंजेक्शन बदललं.
आता दुपारचे दोन. खानापुरात वीज नाही.
पंखा थांबलाय, आणि मला
चरबीबद्दल लिहावंसं वाटतंय.

त्याची आई लोणी विकते,
जांबोटीच्या वरच्या गवळीवाड्यातून, पळसाच्या पानात.
चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळते,
जिभेला लावत नाही.
"हे उतरलंय, ताईव्वा. घेऊ नका."
स्वतःचाच माल, आणि स्वतःच सांगते.
कसं कळतं म्हटलं तर
"बोटाला कळतंय की."

पेशीलाही असंच काहीसं कळतं.
जंतूच्या अंगावरचा झगा, त्याचं मूळही चरबीतच,
मुळाशी शेपट्या, बहुधा सहा.
पेशी अंधारात चाचपते त्या.
नाव विचारत नाही, गाव विचारत नाही,
चाचपून झालं की ताप चढवते.
हा जंतू मात्र बेरकी.
आत शिरला की शेपटी तोडून टाकतो एखादी,
म्हणजे कुणी हटकलंच तर,
मी तो नव्हेच.

आत तो राहतो एका पिशवीत.
पेशीनेच त्याला गिळताना केलेली पिशवी,
तिची भिंत दुपदरी, दोन्ही पदर चरबीचे,
पण सारखे नव्हेत.
आतल्या पदराला एक अस्तर असतं,
ते बाहेरून सहसा दिसत नाही.
स्फिंगोमायलिन.
धारवाडच्या हॉस्टेलात हे नाव पाठ केलं होतं,
परीक्षा झाली, विसरले.
तो भिंत कुरतडतो. टाका उसवतो.
अस्तर बाहेर डोकावतं.

जंतू अजून कुणी पाहिलेलाही नसतो.
जवळून जाणारं एखादं प्रथिन थबकतं
(हे इथे कसं?)
आणि तिथेच चिकटून बसतं.
मग हाकारे, धावपळ,
फाटक्या पिशवीला नवं कातडं गुंडाळायची घाई.

सोमवारी पहाटे चांगुणा
पहिल्या गाडीला आडवी आली.
हे मला ईराप्पा कंडक्टरनं सांगितलं, चहाच्या गाड्यावर,
अर्धं कन्नड, अर्धं मराठी,
आम्ही इकडे बोलतो तसं.
पोराचं तोंड त्याला दिसलंच नाही, घोंगडं होतं.
ती काही बोलली नाही.
पण चोळी उलटी होती तिची.
शिवणी बाहेर, कच्चे धागे लोंबत,
आणि वीस वर्षांत या बाईचा
पदर ढळलेला त्यानं पाहिला नव्हता.
"अष्टे साकु," म्हणाला. तेवढं पुरे.
"एनातव्वा" एवढंही विचारलं नाही.
शून्याचं तिकीट फाडायचं राहिलं.
दोनदा घंटी, आणि गाडी
थेट दवाखान्याच्या दारात.
मधल्या थांब्यांची माणसं गप्प बसून आली.
त्यांनाही दिसलं असणार.

वीज आली. उबवणीच्या पेटीचा दिवा लागला.
वॉर्डात जाऊन आले:
बिरू पेज मागतोय, मीठ कमी म्हणून कुरकुरतोय.
चांगुणेची चोळी आज सुलट.
जाऊ खाली आली होती, तिच्याकडून
माझ्यासाठी लोणी मागवलंय.
तिनं आधी स्वतः चोळून पाहिलं, मग पुडी पुढे केली.
कढवल्याशिवाय मी ते खाणार नाही,
हे तिला सांगितलं नाही.

जिन्यात थांबून चिमूट घेतली.
चोळली. पुन्हा चोळली.
गार होतं, मऊ होतं.
माझ्या बोटांना
काहीच कळलं नाही.