धक्का क्रमांक सात

आज पुन्हा शिडी.
ओली, ॲल्युमिनियमची, भरतीने जहाज उचललंय
म्हणून जवळजवळ उभी.
पाचारण मला आलं होतं.
उजव्या गुडघ्याला आलेलं नव्हतं.

डेल्फझाइलच्या या बंदरात सोळा वर्षं
मी पिशव्या वर नेते:
लोकरीच्या टोप्या, सिमकार्डं, टूथपेस्ट,
सहा भाषांतली शुभवर्तमानं.
टूथपेस्ट आधी संपते.

जहाज थांबतं अठरा तास, फार तर वीस.
नावं पाठ होईस्तोवर दोर सुटलेले असतात
आणि ज्याच्या आईसाठी मी काल प्रार्थना केली
त्याची आई बरी झाली की गेली
हे मला कधीच कळत नाही.
सोळा वर्षांच्या आया
माझ्याकडे अशा अर्धवट पडून आहेत.

माझ्या आधीचा श्युर्द निवृत्त होऊन कांदे लावतो.
म्हणतो, वीट्स्के, कांदा निदान उगवतो.

वरच्या कचेरीतून दर जानेवारीत तक्ता येतो.
एक रकाना असतो: किती जणांनी प्रभूला स्वीकारलं?
यंदा मी तिथे लिहिलं,
टोप्या, चारशे बारा.
उत्तर आलं नाही.
खणात माझं एक पत्रही आहे, राजीनाम्याचं, तीन ओळींचं.
चौथी सुचेना म्हणून राहिलंय.

याकोबाच्या स्वप्नातल्या शिडीवर
दूत चढत होते आणि उतरत होते.
उतरणाऱ्यांचे चेहरे कसे होते
कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आजचं जहाज मीठ भरायला आलेलं.
धक्क्यावर मिठाचा डोंगर, वर करडं आभाळ.
इतकं मीठ एका जागी पाहिलं
की चवीबद्दल बोलायचा धीर होत नाही.

भोजनकक्षात कुणी नव्हतं.
अर्धे पाळीवर, अर्धे झोपलेले.
मी पिशवी ठेवली, पत्रक ठेवलं,
वळले,
तर आतून आवाज: बाई, बसा.
किरिबातीचा आचारी, तिआओन,
कोपरापर्यंत पिठाचे हात.
त्याला टोपी नको होती, सिमकार्ड होतं,
आणि सहा भाषांत त्याची भाषा नव्हती.
त्याने ताटलीत पाव ठेवला, भट्टीतून आत्ताच काढलेला,
डब्यातल्या दुधाचा गोडमिट्ट चहा ठेवला,
आणि विचारलं,
तुमच्याकडे कोण येतं?
मी म्हटलं, म्हणजे?
म्हणाला, तुम्ही आमच्याकडे येता. तुमच्याकडे?

मी पावाचा तुकडा मोडत राहिले.

झुडपाखाली मरण मागून झोपलेल्या संदेष्ट्याला
देवदूताने उपदेश केला नव्हता.
भाकर दिली होती. झोपू दिलं. पुन्हा भाकर.
हे मी प्रवचनात तीस वेळा तरी सांगितलंय,
प्रत्येक वेळी पोटभर न्याहारी करून.

मग तो समोर बसला, माझे हात धरले
आणि डोळे मिटून बोलू लागला, खूप वेळ.
एक शब्द कळला नाही.
दोनदा येशूचं नाव आलं, एकदा माझं,
तेही चुकीचं.
मधेच कुकरची शिटी झाली,
तो उठला, गॅस बारीक केला,
परत आला, हात धरले, पुढे चालू.
आमेन मात्र मी वेळेवर म्हटलं.

खाली उतरताना पाहिलं तर
ओहोटी लागली होती, शिडी जराशी कलली होती.
चमत्कार नव्हे. दिवसातून दोनदा होतं हे,
बंदरात कुणालाही विचारा.
बाहीवर पीठ होतं. झटकलं नाही.

पत्र खणात आहे अजून.
उद्या धक्का नऊ, लाकूड घेऊन येणारं जहाज,
पहाटे साडेपाच, ऐन भरतीला.
मी टोप्या मोजून ठेवल्यात.
गुडघ्याला काही बोललेले नाही.