पाचशेपैकी दोनशे बारा

कणकवलीहून टेम्पोने आलेलं खोकं
सोसायटीला कुलूप घातल्यावरच उघडलं.
दिवसभर डिझेल कोट्याचे आकडे लिहिणारा हात
सुरी धरताना थरथरला.
आत थर्माकोल, सिलिका जेलच्या पुड्या,
शिक्का आणि होलोग्राम असलेलं प्रमाणपत्र,
आणि त्याखाली, कागदात गुंडाळलेलं,
अंतराळातल्या त्या तांडेलणीचं शिरस्त्राण.
तिची मालिका मालवणात
माझ्याशिवाय दोघांनी पाहिली असेल,
त्यातला एक आता पुण्यात असतो.

किंमत सांगते. अडतीस हजार.
वर सीमाशुल्क सात हजार दोनशे,
वर टेम्पोवाल्याचा चहा.
एवढ्यात होडीला जुनं इंजिन बसतं.
मला माहीत आहे, ती कर्जं मीच नोंदवते.

रात्री फोनवर सातवा भाग लावला,
बाराव्या मिनिटाला थांबवला,
आणि मोजपट्टी घेऊन बसले.
कानाजवळच्या खाचा: तिकडे नऊ, इकडे नऊ.
काच तिकडे मधासारखी, इकडे रॉकेलसारखी.
गंज रंगवलेला, ब्रशाने, तीन छटांत.
माझ्या घरात खिडकीची कडी, शेगडीचे पाय,
शिलाई मशीनचं चाक
फुकट गंजतं,
आणि मी गंजाच्या चित्राला पैसे मोजले.
चित्र चांगलं होतं, नाही कशाला म्हणू.

पण डाव्या गालावरचा ओरखडा नव्हता.
दरवाजा मिटतो, ती एकटी आत उरते,
तेव्हा प्रकाश नेमका त्या ओरखड्यावर थांबतो.
म्हणे चित्रीकरणात कुणाच्या तरी हातून पाना पडला
आणि त्यांनी तो डाग तसाच ठेवला.
कंपनीने तो लिंपून टाकला.
परवाना आहे त्यांच्याकडे.
लिंपायचासुद्धा.

सकाळी दांडीवर, पास्कू फर्नांडिसकडे.
तीस वर्षं तो फायबरच्या होड्या बनवतो.
त्याने ते उलटं केलं, कलिंगडासारखी टिचकी मारली.
"मॅट दोन थर. जेलकोट पातळ हा.
आणि ह्यो पयलो साचो न्हय, बाय.
साच्यातून साचो काढलो की वस्तू आकसता.
घालून बघ, कान लागतत?"
लागत होते.
रात्रभर मी माझंच डोकं मोठं समजत होते.

"कितक्याक?"
मी अर्धी किंमत सांगितली.
तरी तो रेझिनच्या डब्यावर बसला.

मग ओरखड्याचं सांगितलं.
"नवी वस्तू बिघडवतंस?"
फोन त्याच्या हातात दिला.
अंगठ्याला रेझिन चिकटलेलं, पडदा हलेना,
म्हणून मीच सुरू करून दिलं.
ओरखडा राहिला बाजूला, तो तिच्याकडे बघत बसला.
"एकटीच आसा?"
हो म्हटलं.
मागे कुणीतरी होडीला पॉलिश पेपर मारत होतं,
त्याला हाताने गप्प केलं.
सात मिनिटं.

मी कानस पुढे केली, ती त्याने घेतली नाही.
"पानो पडलो म्हणालंस ना?
मगे पानोच व्हयो."
अवजारांच्या पेटीत खालपर्यंत हात घालून
एक काढला, खऱ्या गंजाचा,
बोटभर उंचावरून सोडला.
एकदाच.

पांढरी भुकटी उडाली. त्याने फुंकली.
पैसे घेतले नाहीत. विचारलं,
"मगे ती भायर येता?"
सांगितलं नाही.
आठवा भाग शनिवारी आणते म्हटलं.

प्रमाणपत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत आहे:
मूळ स्थितीत बदल झाल्यास नोंद रद्द.
म्हणजे विकायला गेले तर निम्मे येतील.
संध्याकाळी वहीत घसारा लिहिला, एकोणीस हजार,
मग दिवा जवळ ओढून पुन्हा मोजलं.
ओरखडा दोन मिलिमीटर खाली आहे.
तेही लिहिलं, पेन्सिलीने.