बेवड

निडवा मोडून हरभरा टोकला,
त्याची कारणं मी माणूस बघून सांगितली.

कारखान्याच्या स्लिपबॉयला म्हटलं,
तुमची टोळी चैत्रात आली,
तोवर उसाला तुरे, काट्यावर वजन भरेना.
त्यानं वहीत माझ्या गटापुढं रेघ मारली.
रात्री ती रेघ आढ्याला दिसत राहिली.
नोंद एकदा तुटली की नंबर कुठं जातो
कोण सांगणार.

भूपालदादाला म्हटलं, हुमणी झालीय.
तो म्हणाला, "ऊस लावला की माणूस मोकळा.
हरभऱ्याला राखण लागतीया, बाबा."
खोटं नाही.
उसाच्याच जिवावर मी चौदा वर्षं
भिलवडी स्टेशनला पंक्चर काढली
आणि शेतकरी म्हणवलो.

सोसायटीत कुणी विचारलं नाही.
भिंतीवर तक्ता होता:
उसाला एकरी कर्ज किती, हरभऱ्याला किती.
वाचला, आणि चहा यायच्या आत उठलो.

कृषी सहायक पोरगी फॉर्म घेऊन आली,
'कारण' ह्या शब्दापुढं तिच्याकडं एकच ओळ.
मातीपरीक्षण, म्हटलं. तिला बरं वाटलं.
अहवाल दोन वर्षं फ्रीजवर होता,
लाइटबिलांच्या खाली.

घरात मात्र असं झालं होतं:
विहिरीकडचा तुकडा पायाखाली चिबड,
वर पांढरा थर, मीठ सांडल्यागत.
त्रिशला पाचट गोळा करताना खाली बसली,
हातानं उकरलं, खूप वेळ,
एक गांडूळ निघालं नाही.
मग म्हणाली, "डहाळा इकत आणायचा कट्टाळा आलाय.
दहा गुंठं तर बघू."
एवढंच. दहा गुंठं.
बाकी दोन एकर अजून उसातच आहेत,
हे फॉर्ममध्ये आलं नाही.

आषाढात ताग गाडला. कार्तिकात टोकण.
भीती एकच होती, पायगोंडाची:
बांधापलीकडं त्याचा ऊस,
त्याच्या पाळीचं पाणी पाझरलं
की माझा हरभरा उभाच्या उभा मर लागून जाणार.
सांगावं तर सांगायचं काय?
तुझा ऊस तहानलेला ठेव?

त्याच्या पाळीच्या रात्री
बांधावरनं बॅटरी बराच वेळ हलत होती.
सकाळी गेलो तर
माझ्याकडच्या चार सऱ्या
त्यानं कोरड्या सोडलेल्या.

पौषात येणारेजाणारे डहाळा उपटायला लागले.
स्लिपबॉयनंही गाडी स्टँडला लावून
मूठभर नेला, हसला,
वहीतली रेघ तशीच आहे.

परवा सांजचं पायगोंडा बांधावर आला.
वाकून एक ढेकूळ उचललं,
बोटांत सहज फुटलं.
तो हाताकडं बघत राहिला.
का लावलास, हे त्यानं विचारलं नाही.

म्हणाला, "बी कुठलं?"