घोळ

सात किलो दोनशे ग्रॅम.
मीच तोलली. खारदांड्याला, जेट्टीच्या तोंडाशी
बर्फाच्या गाडीला लागून माझा काटा असतो.
वहीत तारीख आहे, वजन आहे,
खाली ओल्या अंगठ्याचा डाग.

मोरेश्वर तांडेलच्या जाळ्यात एकच घोळ आली.
बोत व्यापाऱ्याने नेलं, बावीस हजार दिले,
त्यातले नऊ डिझेलच्या उधारीत गेले.
बस.

ओट्यावर येसूबाई म्हणाली, मोठी होती गो.
सुकटीच्या वलांड्यांपर्यंत जाता जाता
मोठीच्या तीन झाल्या,
चुईमच्या नळावर सात.
त्या दिवशी नळाला धारही बारीक होती,
हंडा भरायला वेळ लागला.

दुपारी इंजिनवाला बाबल्या मलाच सांगत होता,
मला!
की एकीच्या पोटात नथ निघाली, मोत्यांची,
बुडालेल्या कुण्या शेठाणीची.
बुडालेल्या बोटीचं नावसुद्धा त्याला पाठ.

संध्याकाळी मोरेश्वरच्या दारात चपलाच चपला.
बारशाला न आलेला मेव्हणा
बोरिवलीहून पेढे घेऊन,
देवळाच्या कळसाची पावती फाडून तयार,
नाव घातलेलं, आकडा कोरा.
मोरेश्वरने एकवीरेची शपथ घेतली,
पोरांच्या डोक्यावर हात ठेवला.
प्रत्येक शपथेमागे रक्कम वाढली.
एवढं नाकारतो म्हणजे काहीतरी असणारच.

तिसऱ्या रात्री हिरावतीने तांदळाचा डबा उपसला,
देव्हाऱ्यामागे हात घालून पाहिला,
मग नवऱ्याला हलवून जागं केलं:
बाकीचं कोनला दिलंस?

सकाळी तो माझ्याकडे आला, मागे चौघं.
म्हणाला, वही उघड. दाखव यांना.

वही गोणपाटाखाली होती, हाताच्या अंतरावर.
पण ते चौघं माझ्याकडे बघत होते.
वीस वर्षं लोक काट्याकडे बघतात,
काट्यामागे कोण बसलंय ते कुणी बघत नाही.
एकाने कटिंग पुढे केला.
मी फुंकर मारली, घोट घेतला,
आणि म्हणालो,
त्या दिवशी काटा जरा कमीच दाखवत होता.

खोटं नाही. खारी हवा आहे,
कधीमधी दाखवतो कमी.

आता म्हणतात, पालघरला त्याने दोन फ्लॅट घेतले.
डिझेलवाला उधार देत नाही,
तुला कसली उधारी, म्हणतो, आणि हसतो.
बोट पुळणीवर आडवी आहे,
खालून कुत्री ये-जा करतात.

काल एक नवखा विचारत आला,
ती घोळ तोलणारे तुम्हीच ना?
मी त्याला बसायला क्रेट दिला.
बारा किलो, म्हटलं.
जास्तच असेल.